नास्तिकाने देवळाच्या दाराशी का उभं राहावं

मला दोन बाजूंनी एकच सल्ला मिळतो. गावातले, नात्यातले लोक म्हणतात, ‘तुम्ही देव मानत नाही ना? मग पालखी कुणाच्या दारात थांबली आणि कुणाच्या नाही, याच्याशी तुम्हाला काय करायचंय?’ आणि ज्यांच्यासोबत विवेकवादी चळवळीत काम केलं ते मित्र म्हणतात, ‘वाडीवरची प्रार्थना बंद पाडली तर तू कशाला जीव जाळतेस? एक अंधश्रद्धा कमी झाली असं समज.’ पहिल्यांच्या मते धर्म ही फक्त मानणाऱ्यांची मालमत्ता आहे. दुसऱ्यांच्या मते स्वातंत्र्य फक्त बरोबर असणाऱ्यालाच द्यायचं असतं. दोघांचं म्हणणं शेवटी एकच, तू यात पडू नकोस.

मी पडणार आहे, आणि का ते इथे लिहिते आहे.

मी देव मानत नाही. हे मी लपवत नाही आणि सौम्य करूनही सांगत नाही. जगामागे कुणी कर्ता-करविता आहे असं मला वाटत नाही. नवसाने मूल होत नाही, अंगात येणं ही मनाची अवस्था आहे आणि मेल्यानंतर माणसाचं काही उरत नाही, असं माझं मत आहे. तरीही शेजाऱ्याची पूजा, त्याचा नमाज, त्याची प्रार्थना, त्याने धर्म बदलणं किंवा न बदलणं याचं स्वातंत्र्य मला माझं वाटतं. यात माझा मोठेपणा काही नाही. राज्यघटनेच्या ज्या पंचविसाव्या कलमाने त्याला देवापुढे हात जोडायची मोकळीक दिली, त्याच कलमाने मला हात न जोडण्याची दिली. त्या कलमात धर्माचं आचरण आणि प्रसार यांच्याही आधी सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य येतं. आमच्या दोघांच्या हक्काचं मूळ एक आहे. त्याचं तोडून माझं टिकणार नाही.

माझं सासर जिते. पनवेल-रोहे मार्गावर आपटा मागे पडलं की जिते, पुढे हमरापूर, मग पेण. हमरापूर-जोहे पट्ट्यात वर्षभर गणपती घडतात. रबरी साच्यातून निघालेल्या पांढऱ्या मूर्ती शेडमध्ये ओळीने उभ्या असतात. बायका पॉलिश पेपरने त्यांचे सांधे घासत असतात, कुणी सोंड जोडत असतो, कुणी पितांबर रंगवत असतो. डोळ्यांची आखणी मात्र मुरलेल्या हाताकडेच जाते. तिथे ब्रशचं एक टोक चुकलं तर मूर्तीचा भावच बदलतो. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मूर्ती माल आहे, हे त्या शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिचा भाव ठरतो, ती टेम्पोत चढते, फुटली तर नुकसान मांडलं जातं. आणि तोच कारागीर चतुर्थीला स्वतःच्या घरी पाटावरच्या मूर्तीसमोर डोळे मिटून उभा राहतो. मूर्ती कशाची बनते हे मी त्याला काय सांगणार? ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माहिती दिली की श्रद्धा गळून पडते असं मानणाऱ्या माझ्या मित्रांनी एकदा त्या शेडमध्ये दिवसभर बसावं. श्रद्धाळू माणूस म्हणजे अडाणी माणूस, हा समज तिथे टिकत नाही.

आता गावकीबद्दल, म्हणजे गावाचे निर्णय घेणाऱ्या पंचांच्या बैठकीबद्दल. रायगड जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रांत ज्या कारणासाठी वारंवार येत राहिलं, ते कारण वाळीत टाकणं हे आहे. बाहेरच्यांना वाटतं, हे जातपंचायतीचं जुनं प्रकरण असेल, आता कुठे राहिलंय. ते राहिलं आहे. कारणं विचाराल तर कुणी देवळाच्या बांधकामाची वर्गणी दिली नाही, कुणी पालखीचा मान मागितला, कुणी निवडणुकीत गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध उभा राहिला, कुणी परजातीत लग्न केलं, कुणी गावकीचा निवाडा न मानता कोर्टात गेला. बैठक बसते, ठराव होतो. त्याचा कागद बहुतेक वेळा नसतोच. दुसऱ्या दिवशी गिरणीवाला दळण घेत नाही. दुकानदार सामान देत नाही. त्या घरच्यांशी जो बोलेल त्याला दंड. लग्नाचं आमंत्रण जात नाही आणि येतही नाही. घरात माणूस मेला तर खांदा द्यायला गावातून कुणी येत नाही. लांबच्या नातेवाइकांना फोन करून बोलवावं लागतं. आणि शिमग्याला पालखी त्या दारापुढून न थांबता निघून जाते.

या शेवटच्या गोष्टीवर माझे विवेकवादी मित्र हसतात. ‘पालखी थांबली नाही तर बरंच झालं, नारळाचा खर्च वाचला.’ त्यांना कळत नाही की त्या घरातली म्हातारी जन्मभर त्या क्षणाची वाट बघत जगली आहे. दारात सडा घालून, रांगोळी काढून, ओटीचं तबक हातात घेऊन ती उभी असते आणि पालखी तिच्या समोरून वळते. तिची देवी तिच्यापासून तोडली आहे, आणि तोडणाऱ्यांनी देवीला विचारलेलं नाही. गावकीच्या बैठकीत बायकांना जागा नसते. म्हणजे हा ठरावही तिने केलेला नाही. माझ्या दृष्टीने पालखीत लाकूड आणि चांदीचा मुखवटा आहे. पण तिच्या दृष्टीने त्यात काय आहे हे ठरवायचा अधिकार ना मला आहे, ना पंचांना. मी तिच्या बाजूने बोलले नाही तर मग मी कुणाच्या स्वातंत्र्याची गोष्ट करते आहे?

आणि ज्याने वर्गणी दिली नाही म्हणून हे सारं घडलं, तो कदाचित माझ्यासारखा देव न मानणारा असेल. कदाचित बुद्धाचा, येशूचा किंवा एखाद्या आध्यात्मिक बैठकीचा अनुयायी असेल. कदाचित त्याच्याकडे त्या महिन्यात पैसेच नसतील. गावकीला फरक पडत नाही. तिला त्याच्या मनावर ताबा हवा आहे. मला नास्तिक म्हणून ज्याची भीती वाटते ती गोष्ट हीच आहे. देवाची भीती मला कधी वाटली नाही.

महाराष्ट्राने यावर कायदा केला. व्यक्तींना सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा हा कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये एकमताने मंजूर केला आणि तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्काराचे जे प्रकार त्यात गुन्हा ठरवले आहेत, त्यांत धार्मिक विधी करू न देणं, धार्मिक कार्यक्रमात भाग घेऊ न देणं, प्रार्थनेची जागा आणि स्मशान वापरू न देणं हेही आहे. हा कायदा व्हावा म्हणून सर्वांत जास्त कुणी पायपीट केली? अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस). तिचं जातपंचायतीला मूठमाती अभियान २०१३ मध्ये सुरू झालं. ज्यांच्या नावाने ‘धर्मबुडवे’ म्हणून बोटं मोडली गेली त्यांनीच आस्तिकाला त्याच्या देवळात जाण्याचा हक्क मिळवून देणारा कायदा मागितला. ‘तुमचा काय संबंध’ या प्रश्नाला माझ्या मते एवढंही उत्तर पुरेसं आहे.

पण विचारणारे तेवढ्यावर थांबत नाहीत. ते म्हणतात, आपल्याकडे सगळे धर्म पिढ्यानपिढ्या सुखाने नांदले, स्वातंत्र्य वगैरे शब्द आता आले. या म्हणण्यात अर्धं खरं आहे आणि ते मी आनंदाने मान्य करते. या किनाऱ्यावर बेने इस्रायली यहुदी राहिले. त्यांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि वाचलेले लोक इथेच रुजले. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी बोलत, गावाच्या नावावरून पेणकर, रोहेकर, किहिमकर अशी आडनावं लावत ते राहिले. पेणला, अलिबागच्या इस्रायल आळीत आणि रेवदंड्याला त्यांची सिनेगॉग उभी राहिली. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, पण त्यांना इथून कुणी हाकललं नव्हतं. जगाच्या पाठीवर यहुद्यांना असं वागवणारी ठिकाणं मोजकी आहेत. आपल्या जिल्ह्याने याचा अभिमान जरूर बाळगावा.

मात्र त्याच गावांत, त्याच काळात, महाराला तळ्यावर पाणी भरता येत नव्हतं. तेल्याला शनिवार पाळू देणारं गाव अस्पृश्याला देवळाच्या पायरीपाशी येऊ देत नव्हतं. म्हणजे जी मोकळीक होती ती जमातीला होती, आणि ज्या जमातीला जी जागा नेमून दिली त्या जागेपुरती होती. माणसाला ती नव्हती. तेल्याच्या मुलाने शनिवारी घाणा चालवायचं ठरवलं असतं तर त्याच्याच जमातीने त्याला बाहेर काढलं असतं, आणि गावाने म्हटलं असतं, तुमचा घरचा मामला. जुन्या सुखी नांदण्याची ही मर्यादा सांगितल्याशिवाय त्याचे गोडवे गाणं हा मला अन्याय वाटतो.

ती मर्यादा तोडण्याचं कामही याच जिल्ह्यात झालं. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. लगेच अफवा उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरायची होती तेव्हा मांडवाला कुणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. चवदार तळ्यावरचा हक्क कोर्टात पक्का व्हायला १९३७ साल उजाडलं. फत्तेखानाला तळ्यावर पाणी भरायची अडचण नव्हती. त्यालाही कुणी विचारलं असेल, तुझा काय संबंध.

नाशिकचा काळाराम सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. १९३४ च्या मार्चमध्ये भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केलं आहे की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून त्यांनी हा लढा उभारलेला नव्हता. लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात ताकद यावी म्हणून उभारला होता. ज्या देवळात आपल्याला जायचंच नाही त्याचं दार आपल्या तोंडावर बंद होणं तरीही अन्याय असतो, हे यापेक्षा स्वच्छ कुणी दाखवलेलं नाही. पुढे २००० साली अंनिसने शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन केलं. त्यात देव मानत नसल्याचं जाहीरपणे सांगणारे डॉ. श्रीराम लागू होते. तेव्हाही ‘तुमचा काय संबंध’ हाच प्रश्न आला. २०१६ मध्ये विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने कायदा सांगितला आणि त्या गुढीपाडव्याला चौथरा उघडला. आज तिथे जाणाऱ्या बायका शनीला तेल वाहतात. मला शनीची भीती खोटी वाटते. तरी त्यांच्या पायांखालची ती पायरी त्यांची आहे, आणि ती मिळवून देण्यात माझ्या मताच्या माणसांचा हात लागला याचा मला आनंद आहे.

हिंदूंच्याच देवळांपुढे हे सुचतं, असा एक टोमणा असतो. त्याला उत्तर म्हणून दाऊदी बोहऱ्यांचं उदाहरण देते. तिथे ‘बरात’ काढली, म्हणजे जमातीबाहेर टाकलं, की माणसाचं लग्न, मशीद, कबरस्तान सगळं बंद. मुंबई सरकारने १९४९ मध्ये अशा बहिष्काराविरुद्ध कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द केला, कारण जमातीबाहेर काढणं हा धर्मप्रमुखाच्या धार्मिक अधिकाराचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. मधल्या साठ वर्षांत ज्यांनी याविरुद्ध झुंज दिली त्यांत असगर अली इंजिनिअर होते. ते श्रद्धाळू मुसलमान होते आणि शेवटपर्यंत राहिले. सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी या संघटनेने न्यायमूर्ती नथवानींचा आयोग नेमून बोहरा सुधारकांच्या तक्रारींची चौकशी केली. १९७९ मध्ये अहवाल आला. त्या संघटनेच्या धुरीणांत सासवडचे व्ही. एम. तारकुंडे होते, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, एम. एन. रॉय यांच्या विचारांचे, निरीश्वरवादी. एका मुसलमानाला आपल्या मशिदीत, आपल्या श्रद्धेने, धर्मगुरूला न भिता नमाज पढता यावा म्हणून एक मराठी नास्तिक उभा राहिला. मला ज्या परंपरेत उभं राहायचं आहे ती ही.

आता माझ्या मित्रांकडे वळते. त्यांच्याशी भांडण जास्त जवळचं आहे, म्हणून जास्त कठीण.

आमच्या भागातल्या एका कातकरी वाडीवर रविवारी काही बायका येशूची प्रार्थना करायच्या. कुडाच्या घरात, जमिनीवर बसून. बाहेरून काही लोक आले, ओरडले, पुस्तकं काढून घेतली, आणि प्रार्थना थांबली. त्यातल्या एकीने मला सांगितलं होतं की तिथे जायला लागल्यापासून नवऱ्याची दारू सुटली. मला विचाराल तर दारू त्याने स्वतः सोडली, त्यात येशूचं काही नाही. पण हे मी तिला पटवावं, ती ऐकेल किंवा ऐकणार नाही. पुस्तक हिसकावून घेणाऱ्याने माझं काम केलं असं मी कशी म्हणू? तो माझं पुस्तकही हिसकावेल. अंनिसच्या डॉ. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या, ते कुणाची पूजा थांबवत होते म्हणून नव्हे.

मित्र म्हणतात, मग बुवाबाजीचं काय? प्रार्थनेने आजार बरा होतो असं सांगणाऱ्याचं काय? रेषा कुठे आखायची? ती आखलेली आहे, आणि आपल्याच लोकांनी आखलेली आहे. दाभोलकरांच्या खुनानंतर अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये ज्याला आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो तो मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. त्याच कायद्यात पुढे सांगितलं आहे की प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. अठरा वर्षं विवेकवाद्यांनी रेटलेल्या कायद्याने यात्रेचं आणि कीर्तनाचं संरक्षण स्वतःच्या पोटात लिहून ठेवलं आहे. याचा अर्थ साधा आहे. प्रार्थना करणाऱ्या बाईला हात लावायचा नाही. तिच्या मुलाला दवाखान्यात नेण्यापासून अडवणाऱ्याला सोडायचं नाही.

आणि श्रद्धा न हिसकावता माणसं कशी वाचतात हे याच जिल्ह्याने पाहिलं आहे. महाडच्या बाजूला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर काम केलं. लाल विंचू चावल्यावर शंभरात चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत. प्राझोसिन हे औषध वेळेवर दिल्याने ते प्रमाण एक टक्क्याच्या जवळ आलं. गावातले लोक मांत्रिकाकडून दवाखान्याकडे वळले ते तिथे माणूस जगतो हे दिसलं म्हणून. कुणाच्या देव्हाऱ्यावर छापा घालावा लागला नाही.

देव्हाऱ्यावर छापे घालून काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. अल्बानियाने १९६७ मध्ये सगळ्या मशिदी आणि सगळी चर्चेस बंद केली, जगातलं पहिलं नास्तिक राज्य म्हणवून घेतलं. बाळाला बाप्तिस्मा दिला म्हणून तिथे एका म्हाताऱ्या कॅथलिक धर्मगुरूला गोळ्या घातल्या. त्या राज्याचं मत देवाबद्दल माझ्यासारखंच होतं. तरीही मी त्या धर्मगुरूची आहे, गोळ्या घालणाऱ्यांची नाही. ज्या मित्राला हे म्हणताना अडखळायला होतं त्याने आपण विवेकवादी का झालो हे पुन्हा विचारावं. आणि उलट बाजूने, सौदी अरेबियाने २०१४ च्या नियमांत नास्तिक विचाराला दहशतवादात धरलं. दोन्हीकडे सरकारच माणसाच्या डोक्यात शिरलं आहे.

आणखी एक गोष्ट मित्रांनी लक्षात घ्यावी. ‘माझा कोणताही धर्म नाही’ असं सरकारी अर्जात लिहिण्याचा हक्क आपल्याला कुणी मिळवून दिला? सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडता येणार नाही आणि आपण कोणत्याच धर्माचे नाही असं म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. याचिका करणारे डॉ. रणजित मोहिते आणि त्यांचे सहकारी फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड या संघटनेचे होते. येशूवर श्रद्धा ठेवणारे, पण ख्रिस्ती हा शिक्का नाकारणारे लोक. त्यांच्या श्रद्धेसाठी ते लढले आणि माझ्यासारखीच्या अश्रद्धेला आधार मिळाला. त्याआधी केरळातल्या यहोवाच्या साक्षीदारांच्या मुलांनी राष्ट्रगीत म्हणायला नकार दिला, आदराने उभी राहिली पण गायली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. नाशिकच्या संजय साळवे या शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला म्हणून वेतनश्रेणी अडवली गेली, तेव्हा २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने अशी सक्ती करता येत नाही असं ठरवलं. या निकालांत श्रद्धाळूंचा हक्क कुठे संपतो आणि नास्तिकाचा कुठे सुरू होतो, ते वेगळं काढून दाखवा. निघणार नाही.

माझ्या सासूबाईंच्या देव्हाऱ्यातले टाक सणाआधी मी चिंचेने घासून देते, कारण त्यांच्या बोटांना आता ते जमत नाही. मग त्या पूजा करतात आणि मी माझ्या कामाला लागते. त्यांनी मला कधी हात जोडायला सांगितलं नाही. मी त्यांना कधी सोडायला सांगितलं नाही. वाद मात्र भरपूर घातले, आजही घालते. त्या म्हणतात मी चुकते, मी म्हणते त्या चुकतात. धर्मस्वातंत्र्याची बाजू घेणं म्हणजे धर्मावर बोलायचं बंद करणं, असा अर्थ कुणी काढू नये. टीका करण्याचा माझा हक्क मी एक तसूभरही सोडलेला नाही.

शेवटचा मुद्दा धर्मांतराचा. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली, सक्तीचं धर्मांतर आणि ज्याला ‘लव्ह जिहाद’ म्हणतात त्यावर कायदा सुचवण्यासाठी. मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशने २०२१ च्या कायद्यांत धर्म बदलण्याच्या ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला कळवण्याची अट घातली. गुजरातने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात सांगितलं की बौद्ध होण्यासाठीही आधी परवानगी लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या मैदानावर बाबासाहेबांबरोबर जे लाखो लोक उभे राहिले त्यांना जिल्हाधिकाऱ्याकडे एकेक अर्ज करावा लागला असता, आणि ज्या गावातून ते निघाले त्याच गावात ६० दिवस थांबावं लागलं असतं. त्यातले किती जण मैदानापर्यंत पोचले असते?

फसवणूक, धमकी, जबरदस्ती हे गुन्हे आधीपासून आहेत. कुणी पैशाचं आमिष दाखवून गरिबाला नाडत असेल तर त्याला जरूर पकडा. मी साक्ष द्यायला येईन. पण कातकरी बाईने देव बदलला की तिला कुणीतरी फूस लावली असणार, आणि मी देव सोडला तर तो माझा विचार, हा फरक कोणत्या आधारावर करता? मला शिक्षण आहे म्हणून? विवेकबुद्धी मला पदवीबरोबर मिळाली आणि तिला मिळाली नाही?

आणि चौकशी करायचीच तर दोन्ही बाजूंची करा. धर्म सोडताना दबाव होता का, हे जिल्हाधिकाऱ्याने विचारायचं. धर्मात राहताना दबाव आहे का, हे कोण विचारणार? वर्गणी स्वेच्छेने दिली का, पालखीपुढे नारळ मनाने फोडला का, लग्न गावकीला विचारून का करावं लागलं, म्हातारीच्या दारात पालखी का थांबली नाही, हे विचारायला ६० दिवसांची नोटीस नको. २०१६ चा बहिष्कारविरोधी कायदा तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आज हजर आहे. जे लोक सक्तीच्या धर्मांतराची काळजी करतात त्यांनी आधी वाळीत टाकलेल्या एका घराच्या वतीने त्या ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवावी. मी सोबत येईन. ते घर कुणाचं आहे, तिथे कोणता देव आहे किंवा कोणताच नाही, हे मी विचारणार नाही.